स्पावर धाड: 'मर्जीने काम करते' या जबाबाला कायद्यात किंमत किती?

गोदाकाठ:
नाशिकमध्ये मसाज पार्लरवर धाड पडली की मालक मुलींची संमतिपत्रं पुढे करतो, पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीसकट. मुलीही म्हणतात, आम्ही सज्ञान आहोत. तरी मालक कोठडीत आणि मुली सुधारगृहात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय कायदेशीर केला ना?

वकील_सीबीएस:
मालकाला त्या कागदाचा उपयोग शून्य. पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा; त्याचं कलम ३ कुंटणखाना चालवण्याबद्दल, ४ त्या कमाईवर जगण्याबद्दल. दोन्हींत जबरदस्ती सिद्ध करावी लागत नाही. देहविक्रयासाठी कुणाला आणण्याबद्दलच्या कलम ५ मध्ये तर 'संमतीने वा संमतीविना' असंच लिहिलंय. वय १८ च्या आत निघालं तर पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, मग बोलणंच खुंटलं.

बाईचं वेगळं. देहविक्रय हा मुळात गुन्हा नाही; कलम ७ (सार्वजनिक जागेजवळ धंदा) किंवा ८ (गिऱ्हाईक बोलावणं) लागलं तरच ती आरोपी. तुम्ही म्हणता त्या, सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या बुद्धदेव कर्मास्कर खटल्यातल्या आदेशाबद्दल गैरसमज फार आहे. धाडीत स्वेच्छेने काम करणाऱ्या बाईला अटक नको, ही न्यायालयाने नेमलेल्या समितीची शिफारस होती आणि केंद्राने तिच्यावर हरकत घेतली. निरोध (कंडोम) सापडला तर तो पुरावा धरू नये, हा भाग मात्र बंधनकारक झाला.

अंजनेरी:
जबरदस्ती म्हणजे नुसतं कुलूप नव्हे. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेना, आधार कार्ड मालकाच्या कपाटात, 'गावी कळवीन' ही धमकी. मॅनेजर समोर बसलेला असताना 'मर्जीने' म्हटलेलं कसं धरायचं? म्हणून जबाब महिला पोलिसाने, वेगळ्या खोलीत, तिच्या भाषेत घ्यावा; बंगाली असेल तर दुभाषी हवाच. धाडीत किमान दोन महिला पोलीस असणं कलम १५ नुसार सक्तीचं आहे.

पुढे धाडीतून सोडवलेल्या बाईची कलम १७ ची चौकशी दंडाधिकाऱ्यांपुढे. तोवरचा ताबा जास्तीत जास्त तीन आठवडे. घोळ इथेच होतो: सज्ञान बाईला अल्पवयीन असल्यासारखं बापाच्या हवाली करतात किंवा वर्षभर सुधारगृहात ठेवतात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अशा तिघींना सोडताना, सज्ञान बाईला मर्जीविरुद्ध डांबता येत नाही, हे स्पष्ट केलंय. तो निकाल सुटकेच्या अर्जाला जोडाच.

वकील_सीबीएस:
आणि मालकाने पाठवलेला वकील घेऊ नका. प्रेरणा या संस्थेच्या प्रकरणात २००२ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने मालकाच्या वकिलाला त्याच प्रकरणात सोडवलेल्या बाईतर्फे उभं राहायला मनाई केली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट नसते, १५१०० वर फोन करा.

इंदिरानगरकर:
गाळा भाड्याने दिलेल्यांनीही जपा. तुमच्या जागेत कुंटणखाना सापडल्याची बातमी स्थानिक पेपरात आली की 'माहीत नव्हतं' हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, कलम ३(२अ).