मुलाला कांजण्या झाल्यात, कंपनी म्हणते २१ दिवस येऊ नका, तेही बिनपगारी

चिंचवडची_आई
नमस्कार, जरा लवकर उत्तर द्या प्लीज. मुलगा दुसरीत आहे, परवा अंगावर पुळ्या दिसल्या, काल डॉक्टर म्हणाले कांजण्याच आहेत. मी लगेच ऑफिसात कळवलं कारण अकाउंट्समध्ये माझ्या शेजारी बसते ती मुलगी पाचव्या महिन्यात आहे आणि मला रात्रभर तिचीच काळजी लागली होती. तर एचआरचा फोन, २१ दिवस येऊ नका, येताना फिटनेस सर्टिफिकेट आणा, रजा नसेल तर पगार कापला जाईल. माझ्या ३ सीएल (किरकोळ रजा) उरल्यात फक्त. मला स्वतःला काहीच झालेलं नाही, असा नियम खरंच आहे का? मिस्टर चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडे आहेत, त्यांनी अजून तिथे काही सांगितलेलं नाही, त्यांचे खाडे झाले तर हप्ता कसा भरायचा. सासूबाईंनी दाराला कडुलिंब लावलाय आणि कुणाला घरात येऊ देत नाहीयेत.

सिस्टर_नाइट_ड्युटी
ताई आधी एक सांगा, तुम्हाला स्वतःला लहानपणी कांजण्या येऊन गेल्यात का? सगळं त्यावरच आहे. येऊन गेल्या असतील तर बहुतेकांना परत होत नाहीत, आणि तुम्हाला आता परत झाल्याच नाहीत तर तुम्ही दुसऱ्याला देणार कुठून, कपड्यांवरून वगैरे हा आजार पसरत नाही म्हटलं तरी चालेल. आईला फोन करा, जुन्या बायकांना हे बरोबर आठवतं. आठवत नसेल तर रक्ताची अँटिबॉडी टेस्ट होते.

२१ दिवस हा आकडा हवेतून आलेला नाही. लागण झाल्यापासून पुरळ यायला १० ते २१ दिवस लागतात, आणि पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. आमच्या हॉस्पिटलात ज्या सिस्टरला पूर्वी कांजण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही तिला पहिल्या संपर्काच्या ८व्या दिवसापासून शेवटच्या संपर्कानंतर २१व्या दिवसापर्यंत पेशंटजवळ जाऊ देत नाहीत. पण जिला होऊन गेल्यात ती नेहमीसारखी ड्युटी करते. तुमच्या एचआरने आकडा घेतला, त्याच्या मागचा प्रश्न विचारलाच नाही.

मिस्टरांना झाल्या नसतील तर ती खरी काळजी. एका घरात राहणाऱ्या, आधी न झालेल्या १० जणांपैकी ९ जणांपर्यंत लागण होते आणि मोठ्या माणसाला जास्त त्रास होतो, न्यूमोनियासुद्धा होतो. संपर्कानंतर ३ दिवसांत, फार तर ५ दिवसांत लस घेतली तर उपयोग होतो, म्हणजे तुमच्याकडे आज-उद्याच आहे, डॉक्टरांना आत्ता विचारा. सरकारी मोफत लसीकरणात ही लस नाही, विकत घ्यावी लागेल. मुलाला तापासाठी ॲस्पिरिन अजिबात देऊ नका. सगळ्या पुळ्यांवर खपली धरली की तो शाळेत जाऊ शकतो, खपल्या पडायची वाट बघायची गरज नाही.

आणि त्या गरोदर मैत्रिणीला तुम्ही स्वतः फोन करा. तिला पूर्वी झाल्या असतील तर घाबरायचं कारण नाही, नसतील तर तिने तिच्या डॉक्टरांना लगेच सांगायला हवं, तिला लस चालत नाही.

रिटायर्ड_हेडक्लार्क
मी सरकारी नोकरीत होतो. जुन्या नियमांत क्वारंटाइन लीव्ह नावाची रजा होती, घरात साथीचा आजार असला तर २१ दिवस, फार तर ३०, आणि ती रजा खात्यातून वजा होत नसे, पगार चालू. कॉलरा, प्लेग, देवी, घटसर्प असल्या आजारांना मिळायची. कांजण्या त्यात धरत नसत, देवी आहेत की कांजण्या अशी शंका असेल तरच. तेव्हाच्या लोकांना एवढं कळत होतं की माणसाला आपण घरी बसवतोय तर त्याचा पगार का कापायचा.

खाजगीत दुकाने व आस्थापना कायदा २०१७ प्रमाणे वर्षाला ८ किरकोळ रजा पगारी आणि २० दिवस कामामागे एक भरपगारी रजा, ती साठलेली असेल तर बघा. ईएसआयसीचा (कामगार विमा) आजारपणाचा लाभ तुम्ही स्वतः आजारी असाल तरच, म्हणजे मुलाच्या आजारावर नाही. एक काम मात्र करा, फोनवरचं सगळं मेलवर लेखी मागवा आणि स्वतःहून रजेचा अर्ज देऊ नका. तुम्ही यायला तयार आहात, कंपनी नको म्हणतेय, हे कागदावर पाहिजे.

लाइन_नंबर_२
वहिनी मी पण ठेकेदाराकडेच. मागच्या वर्षी पोरीला झाल्या तेव्हा मी गप्प बसलो, सुपरवायजरला बोललो नाही कारण आमच्यातल्या ज्याने सांगितलं होतं त्याला परत बोलावलंच नाही. मग १५व्या दिवशी मला ताप, अंगभर फोड, आणि माझ्या बाजूच्या पोराला पण झालं, त्याच्या घरी दोन महिन्यांचं बाळ होतं. बाळ वाचलं पण ते आठवलं की आजही झोप लागत नाही. काम गेलं तरी सांगायला पाहिजे होतं असं मला वाटतं, पण रोजंदारी बुडणार असेल तर कोण सांगणार तेही खरंय. दादांना म्हणावं लस घ्या, तेवढं तरी.

चिंचवडची_आई
खूप आभार सगळ्यांचे. आई म्हणाली मला तिसरीत असताना झाल्या होत्या, टेस्टही केली, पॉझिटिव्ह आली म्हणजे अँटिबॉडी आहेत. रिपोर्ट मेल केला, सोमवारपासून यायला सांगितलंय, मधल्या ४ दिवसांचं अजून भांडतेय. मैत्रिणीशी बोलले, तिला लहानपणी होऊन गेल्यात, फोनवर दोघी रडलोच. मिस्टरांना झालेल्या नव्हत्या, त्यांनी त्याच रात्री लस घेतली, रोज अंग बघतोय. लाइन नंबर २ दादा, तुमची पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली, काल त्यांनी सुपरवायजरला सांगितलं. तीन आठवडे गोडाऊनला एकट्याचं काम द्या म्हणून विचारलंय, ठेकेदाराचं उत्तर अजून आलेलं नाही.