४० किमी एन्ड्युरन्ससाठी घोडीचा दम कसा वाढवायचा?

मारवाडी घोडी आहे, ७ वर्षांची, पहिल्या ४० किमी एन्ड्युरन्स राईडची (लांब पल्ल्याची घोडेस्वारी स्पर्धा) तयारी चालू आहे. रोज पहाटे मुरमाड रस्त्यावर वॉक-ट्रॉट (चाल आणि दुडकी) करतो, दमत नाही पण १५ किमीनंतर नाडी मिनिटाला ६४ ठोक्यांच्या खाली यायला २५ मिनिटं लागतात, आणि व्हेट गेटला (वाटेतल्या डॉक्टरी तपासणीच्या थांब्यावर) एवढा वेळ कोण देणार! मानेवर, पायांवर पाणी ओतून घाम-पाणी काढायच्या पट्टीने निथळवून, परत ओतून झालं, थोडाच फरक पडला. डॉक्टरांनी तपासलंय, रक्त, नाल सगळं ठीक. खुराकात जव, हरभरा, कडबा, मीठ. दुपारच्या उन्हात काढत नाही. जवळ टेकडी आहे, ट्रेडमिल वगैरे काही नाही. माझं स्वतःचं पण ट्रॉटला कंबर धरते, मग खोगिरात धपाधप बसतो, त्याचाही भार तिच्यावर येत असेल. तर आधी अंतर वाढवू, की अंतर तेवढंच ठेवून टेकडीचा चढ सुरू करू? आणि कंबरेसाठी घरी कुठले व्यायाम करता तुम्ही?