पेज (सराया): अख्खं घर रेसलर, म्हणजे हिला आयतंच मिळालं का?

उगाच_विचारतोय

मंडळी हसू नका, पण घरात खरंच वाद झालाय. भाची नववीत आहे आणि तिला सध्या डब्ल्यूडब्ल्यूईचं वेड लागलंय. आमच्या वेळी ट्रम्प कार्ड्स होती, अंडरटेकरचं कार्ड ज्याच्याकडे तो वर्गाचा राजा, आणि बायकांची मॅच लागली की आम्ही पाणी प्यायला उठायचो, कबूल करतो. आता ही पोरगी मलाच शिकवते. परवा जेवताना म्हणाली, मामा, पेज नावाच्या रेसलरने रॉमधल्या (डब्ल्यूडब्ल्यूईचा दर आठवड्याचा टीव्ही शो) पहिल्याच मॅचमध्ये चॅम्पियनचा बेल्ट जिंकला, तेपण एकविसाव्या वर्षी. मी म्हणलं जिंकणारच ना, आई रेसलर, बाप रेसलर, भाऊ रेसलर, आणि तसंही निकाल आधीच ठरलेला असतो. ताटावरून उठली हो. दोन दिवस झाले बोलत नाहीये. जाणकारांनी सांगा, मी एवढं काय चुकीचं बोललो? घराणेशाहीच की ही.

टेनस्पोर्ट्स_भक्त

आधी माफी माग, मग पुढचं वाच.

घराणं आहे हे खरं पण ते कसलं घराणं ते बघ ना. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरिच म्हणून शहर आहे, तिथले हे लोक. वडील रिकी नाइट, आई स्वीट सराया (हे आईचं रिंगमधलं नाव), भाऊ रॉय आणि झॅक. वडिलांची स्वतःची कंपनी, नाव 'वर्ल्ड असोसिएशन ऑफ रेसलिंग'. नावात वर्ल्ड आहे म्हणून दबकून जाऊ नको, आपल्याकडच्या 'इंटरनॅशनल केशकर्तनालय'सारखं आहे ते, गावोगावचे हॉल भाड्याने घ्यायचे आणि शो करायचे. घरचेच लढणार, घरचेच पोरांना शिकवणार. आईने तर सात महिन्यांची गरोदर असताना मॅच खेळली होती कारण आपण गरोदर आहोत हेच तिला माहीत नव्हतं! पोटात होती ती पेज. १७ ऑगस्ट १९९२ चा जन्म. आणि पोरीचं खरं नाव काय ठेवलं, तर सराया, आईचं रिंगमधलं नाव. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

गंमत म्हणजे लहानपणी तिला यातलं काहीच नको होतं. घरच्यांना लागलेलं बघून घाबरायची, प्राण्यांचा अभ्यास करायचा म्हणायची. मग २००५ मध्ये, तेरा वर्षांची असताना, एका शोला एक जण कमी पडला आणि वडिलांनी हिला उभं केलं. तिथून ब्रिटनी नाइट नावाने सुरू झाली ती थांबलीच नाही, नॉर्वे, बेल्जियम, तुर्कस्तान, जिथे शो असेल तिथे. २०११ मध्ये अमेरिकेत शिमर नावाची बायकांची कंपनी होती तिथे मायलेकी जोडीने लढल्या.

डब्ल्यूडब्ल्यूईने पहिल्या ट्रायआउटला तिला नाही घेतलं. दुसऱ्यांदा, २०११ मध्ये घेतलं. भावानेही, झॅकनेही, प्रयत्न केला होता, त्याला नाहीच घेतलं. आता सांग, घराणेशाही असती तर दोघं गेले असते ना? एकोणिसाव्या वर्षी ही एकटी फ्लोरिडाला गेली, आणि तिथे नॉरिचच्या रिकी नाइटला कोण ओळखतंय. २०१३ मध्ये एनएक्सटीची (डब्ल्यूडब्ल्यूईचाच नव्या रेसलर्सचा शो) पहिली विमेन्स चॅम्पियन झाली, म्हणजे तुझ्या भाचीच्या त्या 'पहिल्या मॅच'च्या आधी आठ-नऊ वर्षं घासलेली होती. बाकी मॅचचं उद्या लिहितो, ऑफिसात आहे.

लाल_माती

मी कोल्हापूरकडचा, तीन वर्षं तालमीत घालवली आहेत, पुढे काही झालो नाही ते सोडा. पण एक सांगतो, वस्तादाच्या पोराला आयतं काय मिळतं तर पहिला मार. बाकीची पोरं साडेपाचला उठायची, वस्तादाचं पोरगं पाचला माती उकरायला हजर, आणि चुकलं तर सगळ्यांदेखत कानाखाली. शिवाय हरलं की गावभर चर्चा.

दुसरं, ते निकाल ठरलेला असतो वगैरे. हो असतो, खासबागेतल्या कुस्तीशी त्याची तुलना मीपण करणार नाही, तसलं काही म्हणलं तर आमच्याकडे मारतील. पण त्या रिंगमध्ये खाली काय असतं माहितीये का? लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, वर पातळसा फोम आणि कॅनव्हास. माती अंग झेलते, फळी नाही झेलत. तेराव्या वर्षापासून रोज पाठीवर पडायचं म्हणजे मानेचं काय होत असेल विचार करा. पडणं ठरवून असतं पण लागायचं ते लागतंच.

बारक्या_७७

ट्रम्प कार्डात रँक किती होता तेवढं सांगा, बाकी वाद नंतर 😂

मी_पण_बघते

मानेचाच विषय निघालाय तर लिहिते. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिच्या मानेचं ऑपरेशन झालं. वर्षभराने परत आली, आणि २७ डिसेंबर २०१७ ला न्यूयॉर्कजवळ एक साधा शो होता, टीव्हीवरचासुद्धा नाही, सहाजणींची टॅग मॅच, त्यात पाठीत एक किक बसली आणि ती उठेनाच. रेफरीने मॅच थांबवली. एप्रिल २०१८ मध्ये तिने रॉमध्ये येऊन सांगितलं की मी रिटायर होतेय. वय पंचवीस. आणि ते कुठे सांगितलं, तर न्यू ऑर्लिन्सच्या त्याच हॉलमध्ये जिथे चार वर्षांपूर्वी तिने पहिल्या दिवशी बेल्ट जिंकला होता. मी तेव्हा मोबाईलवर बघत होते लोकलमध्ये, शेजारच्या बाईंनी विचारलं काय झालं गं, काय सांगणार, कप्पाळ.

अजून एक, ते पाणी प्यायला उठायचो म्हणालात ना, त्यात तुमची चूक नाही, त्या मॅचेस असायच्याच तेवढ्या. २३ फेब्रुवारी २०१५ ला रॉमध्ये पेज आणि एमा विरुद्ध बेला बहिणी अशी मॅच होती, जेमतेम तीस सेकंद. तुमचा पेला भरेपर्यंत संपली. त्यावर लोक एवढे चिडले की बायकांना संधी द्या म्हणून ट्विटरवर ट्रेंड चालला, आणि त्यानंतर बायकांच्या मॅचेसना वेळ मिळायला लागला.

फिगर_फोर

घराणेशाहीच बघायची तर शार्लट फ्लेअर बघा की. बाप रिक फ्लेअर, सोळा वेळा वर्ल्ड चॅम्पियन. पण मजा अशी की तिला घरात रेसलिंग कोणी शिकवलंच नव्हतं, ती व्हॉलीबॉल खेळायची, रेसलिंगला आली तेव्हा सव्वीस वर्षांची. रेसलर व्हायचं होतं ते धाकट्या भावाला, रीडला. तो मार्च २०१३ मध्ये वारला आणि त्याच वर्षी ही एनएक्सटीत उतरली. म्हणजे पेजकडे विद्या होती पण नाव नाही, हिच्याकडे नाव होतं पण विद्या नाही. तरी हिने पुढे सगळ्यांना मागे टाकलं, २०१९ मध्ये रेसलमेनियाच्या (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) शेवटच्या मॅचमध्ये पहिल्यांदा बायका आल्या त्या तिघींत ही होती.

या दोघी २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये भिडल्या तेव्हा पेजच्या तोंडी रीडच्या मृत्यूवरून टोमणा घातला होता. स्टोरीचा भाग होता मान्य, पण मला नाही आवडलं आणि शार्लटच्या आईलापण आवडलं नव्हतं. घरचं दुःख तिकिटावर विकायचं म्हणजे काय.

टेनस्पोर्ट्स_भक्त

आलो. तर ती मॅच, ७ एप्रिल २०१४. आदल्या रात्री रेसलमेनिया झालेला, एजे ली बेल्ट घेऊन रिंगमध्ये मिरवतेय, २९५ दिवस झालेत तिच्याकडे. पेज काळ्या कपड्यात, पांढरीफटक, अभिनंदन करायला येते. एजे एक सणसणीत थोबाडीत देते आणि म्हणते चल आत्ताच लढ. आणि पेजचा चेहरा बघा तेव्हाचा, गोंधळलेली, हात कुठे ठेवायचे कळत नाहीये. एजे पाठीवर चढून तिचा ब्लॅक विडो लावते, आता संपलं असं वाटतं, तेवढ्यात पेज ती पकड सोडवते, तिलाच उचलून आपटते, एक दोन तीन. दोन मिनिटंपण नसतील.

रिटायरमेंट शेवटची नाही बरं का, @मी_पण_बघते. २०२२ मध्ये ती एईडब्ल्यूत (डब्ल्यूडब्ल्यूईची प्रतिस्पर्धी कंपनी) आली आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर परत लढली, पेज नाव जुन्या कंपनीचं म्हणून तिथे 'सराया'. म्हणजे आईचं रिंगमधलं नाव पोरीचं खरं नाव झालं होतं ते परत रिंगमध्ये आलं. २७ ऑगस्ट २०२३, लंडनचं वेम्बली, चौघींची मॅच, घरचे रिंगला लागून पहिल्या रांगेत, आणि तिने बेल्ट जिंकला. लोक किती, तर ८१ हजार जाहीर केले होते. नॉरिचच्या हॉलमधून वेम्बली. मी तर रडलो, हसायचं त्यांनी हसा.

उगाच_विचारतोय

सगळ्यांचे आभार. धागा भाचीला वाचायला दिला. तिचं म्हणणं, @टेनस्पोर्ट्स_भक्त यांनी तो बेल्ट ती दीडच महिन्यात हरली हे लपवलं, तेव्हा तुम्हीपण जपून. माझी माफी मंजूर झाली पण एका अटीवर, तिला पेजची ती पकड शिकायची होती, समोरच्याला पालथं पाडून पाय अडकवायचे आणि दोन्ही हात मागे ओढायचे. गादीवर पालथा पडलो, तिने हात ओढले, कमरेतून कट्ट असा आवाज आला. आता गरम पाण्याची पिशवी घेऊन टाइप करतोय. @लाल_माती, तालमीत कमरेला काय लावायचात?