गेमिंगसाठी स्वस्तातला टीव्ही, मदत हवी आहे

पीएस५ (सोनीचा गेमिंग कन्सोल) साठी टीव्ही बघतोय, बजेट कमी आहे त्यामुळे १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारे) आणि एचडीएमआय २.१ (जास्त वेगाचा केबल पोर्ट) वाले सगळे हाताबाहेर जातायत. ४के ६० हर्ट्झ घेऊन भागेल का? बॉक्सवर मोठ्ठं 'मोशन रेट २४०' छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात पॅनल (म्हणजे खुद्द पडदा) ६० हर्ट्झचंच, ही तर सरळ बनवाबनवी आहे. मला मेन टेन्शन इनपुट लॅगचं, कारण फुटबॉल गेममध्ये बटण दाबल्यावर पास उशिरा गेला की डोकंच फिरतं. स्वस्त टीव्हीत गेम मोड (हा लॅग कमी करायची सेटिंग) खरंच कामाचा असतो की नावालाच? शिवाय पॅनल व्हीए घ्यावं की आयपीएस (पडद्याचे दोन प्रकार), आम्ही दोघं-तिघं बाजूबाजूला बसून खेळतो, म्हणजे कडेने बघणाऱ्यालाही चित्र नीट दिसायला हवं. वापरणाऱ्यांनीच सांगा प्लीज, सेल्समनचं ऐकून झालंय