मदत हवी आहे: फुटपाथवरचा अपघात आणि कलम ५८ (इंग्लंड)
फुटपाथची फरशी एका कडेने वर आलेली, तिला ठेचकाळून अशिलाचं मनगट मोडलं. हायवेज अ‍ॅक्ट १९८० च्या कलम ४१ खाली (रस्ता सुस्थितीत ठेवण्याचं कर्तव्य) कौन्सिलवर दावा. कौन्सिल कलम ५८ (वाजवी काळजी घेतली होती, हा बचाव) पुढे करतंय: दर सहा महिन्यांनी पाहणी, शेवटच्या वेळी दोष नव्हता. सिद्ध करायचं त्यांनीच, हे खरं. पण आमचा पट्टी धरून काढलेला फोटो (उंचवटा २८ मिमी) अपघातानंतर पाच आठवड्यांचा, घोळ तिथेच आहे. पाहणीच्या नोंदी, जुन्या तक्रारी, दुरुस्तीचे आदेश मागवलेत. आणखी काय मागवू? तीन वर्षांची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, म्हणून क्लेम फॉर्म (दावा सुरू करणारा कोर्टाचा कागद) आधी काढतोय. बजावायला चार महिने मिळतील. उलटतपासणीत भर कोणावर द्यावा, पाहणी करणाऱ्यावर की वेळापत्रक ठरवणाऱ्यावर?