३.१८ ने भागलं, ३६० जुळलं, तरी व्हॅलोरंटमध्ये हात डोक्याआधीच थांबतो

भांडुप_पश्चिम:

मंडळी, चार दिवस डोकं लावतोय, आता विचारतोच. मी आधी सीएस:गो (काउंटर-स्ट्राइक, बंदुकीचा नेमबाजी गेम) खेळायचो, २०२३ च्या सप्टेंबरपासून त्याचाच पुढचा सीएस २. माऊस ८०० डीपीआय (एक इंच हलवला की ८०० काउंट), गेममधली सेन्स, म्हणजे सेन्सिटिव्हिटी, १.२. ती सेन्स इतकी हातात बसलीय की आकडा बघावाही लागत नाही. नवीन ऑफिसातली पोरं रात्री व्हॅलोरंट, तसलाच दुसरा नेमबाजी गेम, खेळतात म्हणून मीही डाउनलोड केला. सगळे सांगतात तसं १.२ ला ३.१८ ने भागलं, ०.३७७ आलं, तेच टाकलं.

३६०, म्हणजे पूर्ण गिरकीला माऊस किती न्यावा लागतो ते अंतर, जुळतंय. आईच्या शिवणकामाच्या टेपने मोजलं. सीएसमध्ये दाराच्या कडेवर क्रॉसहेअर (नेमाची खूण) ठेवला आणि पुन्हा त्याच कडेवर येईपर्यंत माऊस सरळ नेला, मग व्हॅलोरंटच्या रेंजमध्येही (सरावाच्या मैदानात) तसंच. दोन्हीकडे ४३ सेंटिमीटरच्या आसपास. माझं टेबल म्हणजे आईचं शिलाई मशीनचं टेबल. कीबोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये ३१ सेंटिमीटर जागा मिळते, त्यामुळे माऊस मध्ये एकदा उचलावा लागला, तेवढी चूक धरा.

मागे वळायला काहीच त्रास नाही. पावलं ऐकू आली की हात बरोबर वळतो. पण समोर कोपऱ्यातून कोणी डोकावलं की फ्लिक, म्हणजे नेमाकडे झटक्यात नेलेला हात, आखूड पडते. क्रॉसहेअर डोक्याच्या अलीकडे थांबतो, दर वेळी अलीकडेच, पलीकडे कधीच नाही. सेन्स ०.४५ केली तर फ्लिक बसायला लागली, पण स्प्रे (सलग गोळीबार) खाली ओढताना गोळ्या थेट पायात जातात आणि मागे वळलं की नजर भिंतीत. म्हणजे ३.१८ चुकीचं आहे का?

हेडशॉट_हेमा:

३.१८ बरोबर आहे. माऊसच्या एका काउंटला सीएसमध्ये सेन्स १ असताना कॅमेरा ०.०२२ अंश फिरतो, व्हॅलोरंटमध्ये ०.०७. भागून बघ. एपेक्स या गेममध्येही ०.०२२ च आहे, तिथे सीएसची सेन्स जशीच्या तशी चालते. ओव्हरवॉच या गेमला ३.३३ ने गुणायचं. नवीन गेम आहे, आठवडाभर डेथमॅच (सगळ्यांविरुद्ध सगळे) खेळ, हात बसेल.

नायगावचा_कॅफेवाला:

हात बसेल हे खरं, पण दर वेळी अलीकडेच थांबतो असं तो म्हणतोय. नवखेपणा असता तर कधी अलीकडे, कधी पलीकडे गेला असता. ही चूक एकाच बाजूची आहे, म्हणजे तिला कारण आहे.

भांडुपकर, एकच सांग. सीएस कोणत्या रिझोल्यूशनवर खेळतोस? आणि मॉनिटर केवढा?

भांडुप_पश्चिम:

दादा, १२८० बाय ९६०, स्ट्रेच्ड, म्हणजे ४:३ चं चित्र पूर्ण रुंद पडद्यावर ताणलेलं. चुलतभावाने पहिल्या दिवशी लावून दिलं होतं, तेच आहे. मॉनिटर २४ इंची. व्हॅलोरंट मात्र १९२० बाय १०८० वर.

नायगावचा_कॅफेवाला:

मग सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण हे मी वर्षानुवर्षं पोरांना टेबलाशी उभा राहून समजावलंय.

कॅफे चालवायचो तेव्हा काउंटर-स्ट्राइक १.६ चे दिवस. पोरं सेन्स पाठ करून यायची. '४०० वर ३' असं दारातूनच सांगायची. मी प्रत्येक टेबलावर पांढऱ्या चिकटपट्टीने ३४.६ सेंटिमीटरची रेघ मारून ठेवली होती, कारण ४०० डीपीआयला ३ सेन्स म्हणजे पूर्ण गिरकीला तेवढंच अंतर. ज्याला शंका असेल त्याने रेघेवर माऊस चालवून बघायचा. रेघेवर गिरकी बरोबर आली की माऊस ठीक, सेटिंग ठीक. तरी काही पोरं टेबल बदललं की तक्रार करायची, आणि ती खोटं बोलत नव्हती. काही मशीनवर रिझोल्यूशन वेगळं असायचं.

गोष्ट अशी आहे. ३६० चं अंतर सांगतं की हात किती सेंटिमीटर गेल्यावर कॅमेरा किती अंश फिरेल. तुझी नजर मात्र अंश मोजत नाही. डोकं क्रॉसहेअरपासून पडद्यावर किती लांब आहे तेवढंच तिला दिसतं, आणि हात त्या अंतरावर सुटतो. पडद्यावरचं तेच अंतर दोन गेममध्ये वेगवेगळ्या अंशांचं असतं, कारण चित्र किती रुंद कोनातून घेतलंय ते वेगळं आहे.

सीएस ४:३ ला आडवा ९० अंश दाखवतो, आणि स्ट्रेच केल्यावर तेच ९० अंश तुझ्या पूर्ण रुंद पडद्यावर ताणले जातात. व्हॅलोरंट १०३ अंश दाखवतो. आता तुझ्या २४ इंची पडद्यावर क्रॉसहेअरपासून ५ सेंटिमीटर उजवीकडे डोकं दिसलं असं धर. तुझ्या सीएसमध्ये ते १०.७ अंशांवर आहे, हाताला १.२८ सेंटिमीटर जावं लागतं. व्हॅलोरंटमध्ये त्याच जागी दिसणारं डोकं १३.३ अंशांवर आहे, हाताला १.६ सेंटिमीटर लागतात. तुझा हात सवयीने १.२८ जाऊन थांबतो. तीन मिलिमीटर कमी. तुझी आखूड फ्लिक म्हणजे हे तीन मिलिमीटर. गिरकीत ते दिसत नाहीत, कारण गिरकी पूर्ण अंशांची असते, तिथे पडद्याचा संबंधच येत नाही.

मग ०.४५ ने स्प्रे का बिघडला? स्ट्रेच फक्त आडवं ताणतं. उभ्या दिशेला दोन्ही गेम जवळपास सारखे आहेत. ०.३७७ वरच व्हॅलोरंटचं चित्र उभं ६ टक्के जास्त हलतं, ०.४५ वर ते चौथा हिस्सा जास्त. म्हणून गोळ्या पायात. आडवं जुळवलं की उभं सुटतं, उभं जुळवलं की आडवं. स्ट्रेच्ड आणि १६:९ (१९२० बाय १०८० सारखं न ताणलेलं रुंद चित्र) यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना बसेल असा एकही आकडा नाही, तो शोधण्यात महिना घालवू नकोस.

माझं मत स्पष्ट आहे: ०.३७७ तसाच ठेव आणि सीएसचा स्ट्रेच काढ. १६:९ ला सीएस १०६ अंश दाखवतो. ५ सेंटिमीटरवरच्या डोक्याला तिथे १.६९ लागतात, व्हॅलोरंटमध्ये १.६. फरक एका मिलिमीटरपेक्षा कमी, आणि उभा-आडवा सारखाच. तो हात स्वतः पचवतो.

लॅमिंग्टन_लोकल:

उलटं का नाही करायचं? व्हॅलोरंटच ४:३ स्ट्रेच्ड लावला तर?

नायगावचा_कॅफेवाला:

व्हॅलोरंट रिझोल्यूशन काहीही दिलं तरी आडवे १०३ अंशच ठेवतो. सीएससारखी माणसं रुंद होत नाहीत, फक्त चित्र धूसर होतं. त्याने काही हाती लागणार नाही.

स्कोपचंही (बंदुकीवरच्या दुर्बिणीचं) आत्ताच करून घे, नाहीतर परत येशील. सीएसमध्ये झूम सेन्सिटिव्हिटी १ असते, ती ०.८२ कर. ऑपरेटर या स्नायपर बंदुकीसाठी व्हॅलोरंटमध्ये स्कोप्ड मल्टिप्लायर ०.७५ च्या जरा खाली, ०.७४७. मग स्कोप लावल्यावर क्रॉसहेअरजवळचं चित्र बिनस्कोपच्या वेगानेच सरकतं. एडब्ल्यूपी, म्हणजे सीएसची स्नायपर बंदूक, घेणाऱ्याने हे केलंच पाहिजे असं मी म्हणेन.

गिरगाव_तिसरा_मजला:

कॅफेवाले काकांचं गणित पटलं. एक भर घालतो. माझं टेबल खिडकीला लागून आहे, चाळीतली खिडकी, पावसाळ्यात बंद करून भागत नाही. जुलैत कापडी पॅड इतका दमट होतो की हात ठेवला की मनगटाखाली चिकटतो, माऊस सुरू व्हायला एक हलका धक्का लागतो. मला दोन पावसाळे वाटत होतं की सेन्स बदलली. मी आता खेळायच्या आधी पॅड पंख्याखाली उलटा टाकतो आणि मनगटाला सुती पट्टी बांधतो. भांडुपकर, तू मोजणी आणि फ्लिक एकाच दिवशी, कोरड्या पॅडवर बघ. नाहीतर तीन मिलिमीटर पॅडचे की स्ट्रेचचे ते कळणार नाही.

आणि नवीन माऊस घेतलास तर परत मोज. दोन माऊसवर ८०० लिहिलेलं असलं तरी दोघांचे ८०० सारखे निघत नाहीत, थोडे इकडेतिकडे असतात.

भांडुप_पश्चिम:

काल रात्री करून बघितलं. पॅड सकाळपासून गॅलरीत वाळत टाकला होता. सीएस १९२० बाय १०८० वर, सेन्स १.२ तशीच. पहिला अर्धा तास वाईट गेला, माणसं बारीक दिसत होती आणि इथेही हात अलीकडेच थांबत होता, म्हणजे व्हॅलोरंटमध्ये होतं तेच आता सीएसमध्ये. तेव्हा दादांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. मग बॉट्सवर (संगणक चालवतो ती माणसं) फक्त जवळची डोकी घेतली, मुद्दाम हळू, तासभर.

त्यानंतर लगेच व्हॅलोरंट उघडला, ०.३७७. रेंजमध्ये मधल्या वेगाला ३० पैकी १९ बॉट. मागच्या आठवड्यात ११ च्या वर गेलो नव्हतो. स्प्रेही खाली नीट ओढला जातोय.

स्कोपचं उद्या. आईच्या टेबलावर परवापर्यंत तीन ब्लाउज आहेत, रात्री साडेदहानंतरच टेबल माझं. हेमाताई, डेथमॅचही खेळतोय, पण आता १६:९ वर.

नायगावचा_कॅफेवाला:

१९ छान. स्ट्रेच्डवर परत जायचा मोह होईल, विशेषतः चुलतभावाबरोबर खेळताना. दोन आठवडे तरी जाऊ नकोस. स्कोप झाला की आकडे टाक, ऑपरेटरचे वेगळे लिही.