मदत हवी आहे : अंडी सोडून पक्षीण निघून गेली का?

जाईजुई : कोणीतरी लवकर सांगा. बागेतल्या पेटीत चार अंडी आहेत आणि मादी दुपारभर फिरकलीच नाही. नर तारेवर बसून नुसता गातोय. बाहेर 45 अंश! अंडी घरात आणून बल्बखाली ठेवू का?

रानवाट : आधी पक्षी कोणता ते सांगा. पेटी कशाची, कोणत्या भिंतीला?

खामलेकर : आम्ही चिमण्यांच्या पेटीला 32 मिलिमीटरचं भोक ठेवतो. साळुंकी आत घुसू शकत नाही. सगळ्यांनी असंच करावं.

जाईजुई : भोकाचं नाही विचारलं हो मी. नर काळा-पांढरा, शेपूट वर उचलतो, मादी करडी. पेटी लाकडी, वर पत्रा, पश्चिमेची भिंत. काल तीन होती, आज चार. दर तासाला उघडून बघतेय.

रानवाट : मग दयाळच. ही रोज एक अंडं घालते, कधी पाचही होतात, आणि घालणं संपत आलं की मगच नेटाने बसते. नर उबवत नाही, राखण करतो. आणि पेटी उघडणं आजपासून बंद करा, त्यानेच ती बुजते.

महालवाला : बल्ब लावा जी. आमच्या आजीने कोंबडीची पिल्लं अशीच काढली होती.

रानवाट : काहून अंडी शिजवायला सांगून राहिले भाऊ? त्यांना सदतीस-अडतीस अंश पुरतात, बाहेर 45 आहे. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे रानपक्ष्याची अंडी उचलताच येत नाहीत.

महालवाला : मदत करणं गुन्हा झाला का आता?

निवांत : दयाळ बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. तिकडे दोयल म्हणतात.

कडुनिंब : ताई, खरी भीती त्या पत्र्याची आहे. मागच्या मे महिन्यात माझीही पेटी पश्चिमेलाच होती. चार वाजता पत्र्याला बोट लावलं तर चटका बसला. तीन अंडी होती, एकातूनही पिल्लू निघालं नाही, अजून वाईट वाटतं. पेटी हलवू नका, मादीला जागा सापडणार नाही. कुलरसाठी वापरतो ती हिरवी जाळी पत्र्यापासून वीतभर वर बांधा, मधून वारा खेळला पाहिजे. भोकासमोर काही लोंबू देऊ नका. पाणी मारू नका.

खामलेकर : जाळीऐवजी वाळ्याची ताटी चालेल का? माझ्याकडे उरली आहे.

कडुनिंब : चालेल, पण कोरडी ठेवा.

जाईजुई : जाळी बांधली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. साडेपाचला मादी जास्वंदीवर आली, दोनदा शेपूट हलवली, मग आत शिरली. वीस मिनिटं झाली, अजून बाहेर आलेली नाही. पण आता छपरावर साळुंकीची जोडी बसली आहे आणि माझं भोक चांगलं मोठं आहे. नर त्यांच्यावर धावून जातोय. मी हाकलू की त्यालाच करू देऊ?